पाटीमागची काजळी

"पांढरा!" आई गॅलरीतून ओरडली. "अहो, उठा, बघा तरी! पांढरा म्हणजे अगदी पांढरा!"

बाबा उठले, त्यांच्यामागून मी, आणि सगळ्यांत शेवटी मयू. मयूला झटकन उठायची सवयच नव्हती. ती आधी बसायची, एक श्वास घेऊन बघायची, तो नीट आला तरच पाय खाली टाकायची.

आई कठड्यापाशी हात वर करून उभी होती. त्या हातात बाबांच्या बँडच्या युनिफॉर्मचा जुना पांढरा हातमोजा. ही आमच्या घरातली रोजची तपासणी होती. आई सकाळी उठली की तो हातमोजा चढवायची, गॅलरीच्या लोखंडी कठड्यावरून या टोकापासून त्या टोकापर्यंत हात फिरवायची आणि एखाद्या इन्स्पेक्टरसारखी बोटं निरखायची. आमची खोली चौकाच्या अगदी डोक्यावर, दुसऱ्या मजल्यावर. खाली सिग्नल. डंपर, बस, सहा आसनी रिक्षा, सगळ्यांनी तिथंच थांबायचं आणि तिथंच धूर सोडायचा. त्यामुळे हातमोजा रोज काळा यायचा, आणि काळा आला की दिवसभर दार-खिडक्या बंद, मयूने पळायचं नाही, जिना चढायचा नाही, फुंकायचं तर बिलकुल नाही. कारण मयूला दमा होता.

त्या दिवशी लॉकडाऊनला आठ-नऊ दिवस झाले होते. मी अकरा वर्षांची, मयू नऊची.

"म्हणजे मी गॅलरीत येऊ?" मयूने विचारलं.

"ये," आई म्हणाली, आणि तिच्या डोळ्यांत पाणीच आलं. हातमोज्याकडे बघून रडणारी बाई मी पहिल्यांदाच बघत होते.

मला मात्र ते मुळीच आवडलं नाही. कारण गॅलरी माझी होती.

आता हे नीट सांगायला हवं. आमचे बाबा, दत्ता लोंढे, गुलमोहर ब्रास बँडमध्ये क्लॅरोनेट वाजवतात. बँडचा गाळा आमच्याच बिल्डिंगीत तळमजल्यावर आहे आणि बँडची भलीमोठी पत्र्याची पाटी आमच्या गॅलरीच्या बरोब्बर खाली ठोकलेली आहे. लग्नसराईत बाबा घरात दिसायचेच नाहीत, पण सुट्टीच्या दिवशी ते मला गॅलरीत घेऊन क्लॅरोनेट शिकवायचे. फक्त मला. मयूच्या वाट्याला आईची मांडी होती, वाफ होती, पंप होता, डॉक्टरांची फेरी होती, 'मयूला आधी वाढ' होतं, 'मयूला त्रास देऊ नकोस' होतं. माझ्या वाट्याला गॅलरीतला तो एक तास होता आणि तो मला पुरत होता.

त्यात त्या वर्षी बाबांनी एक गोष्ट कबूल केली होती. आमच्या बँडमध्ये अक्षय तृतीयेला वाद्यांची पूजा होते आणि नवीन शिकणाऱ्याच्या हातात त्या दिवशी वाद्य दिलं जातं. बाबांकडे एक जास्तीचं क्लॅरोनेट होतं. ते म्हणाले होते, "या अक्षय तृतीयेला हे घरातल्याच कुणाला तरी देणार. गुलमोहर बँडमध्ये पहिली मुलगी उभी राहील." घरातलंच कुणीतरी म्हणजे कोण, हे विचारायची मला गरज वाटली नव्हती. दुसरं होतं कोण?

पांढऱ्या हातमोज्याच्या तिसऱ्या दिवशी मयू म्हणाली, "बाबा, मी एकदा फुंकू?"

"गाल दुखतील हं," मी लगेच म्हणाले. "आणि पहिल्यांदा आवाजच निघत नाही. माझा चार दिवस निघाला नव्हता. नुसती हवा जाते, फुस्स!"

बाबांनी तिचे ओठ नीट बसवून दिले. "पोटातून सोड, बाळा. खांदे उचलू नकोस."

मयूने डोळे मिटले. आणि आवाज निघाला. फुस्स नाही, फाटका नाही. सरळ, गोल, गुळगुळीत असा एक सूर गॅलरीतून निघाला आणि रिकाम्या चौकावरून समोरच्या बंद दुकानांपर्यंत जाऊन परत आला.

बाबांनी घड्याळ बघितलं. "अकरा सेकंद," ते म्हणाले. मग आईकडे वळून पुन्हा म्हणाले, "अगं, अकरा! पहिल्या दिवशी! आणि गोडवा बघितलास का?"

"मी पहिल्या दिवशी किती केलेले?" मी विचारलं.

"तू?" बाबा मयूचे ओठ पुन्हा नीट करत होते. "आठवत नाही गं आता."

मला आठवत होतं. शून्य.

लांब सूर धरणं ही बाबांची परीक्षा. एका श्वासात एकच सूर, न हलता, न चिरकता. माझा सगळ्यांत लांब सूर चोवीस सेकंदांचा होता आणि तो गाठायला मला दीड वर्ष लागलं होतं. मयू एका आठवड्यात अठरावर पोचली. रोज हातमोजा पांढरा, रोज मयू गॅलरीत. पंप कपाटात पडून. ती जिन्याने गच्चीवर जाऊन आली, चार मजले, आणि वर जाऊन नाचली! टीव्हीवर माणसं सांगत होती, शहराची हवा किती वर्षांनी इतकी स्वच्छ झाली. लांबचे डोंगर दिसायला लागले. सगळे खूश. आणि मी रोज रात्री उशीत तोंड खुपसून मनातल्या मनात देवाला सांगायचे, देवा, एक तरी डंपर पाठव. एक. धूर सोडणारा.

खाली चौकात पोलिसांनी आडवे पत्रे लावून नाकाबंदी केली होती. तिथं इंगवले हवालदार बसायचे, साताऱ्याकडचे. त्यांना दिवसभर काही काम नव्हतं. सूर ऐकला की मान वर करायचे.

"काय मास्तर, आज कुठली वाजवतीय? थोरली का धाकटी?"

"धाकटी, साहेब!"

"मग ऐकतो!" आणि खुर्ची वळवून बसायचे.

मी वाजवायला लागले की खुर्ची परत नाक्याकडे वळायची. खरंच वळायची. मी डोळ्यांनी बघितलंय.

एप्रिलच्या अठरा तारखेला मयूने सत्तावीस सेकंद सूर धरला. इंगवले हवालदारांनी उभं राहून तिला सलाम ठोकला. मयू लाजून आईच्या पदरात शिरली. बाबा ते जास्तीचं क्लॅरोनेट मांडीवर घेऊन फडक्याने पुसत बसले. पुसता पुसता मध्येच मयूची बोटं त्यांनी हातात घेतली आणि चाव्यांवर ठेवून बघितली, पुरतात का.

अक्षय तृतीया आठ दिवसांवर होती.

दुसऱ्या दिवशी पहाटे आई उठायच्या आधी मी उठले. गॅलरीत गेले, पालथी पडले आणि कठड्याच्या खालच्या फटीतून हात बाहेर घातला. बँडच्या पाटीमागे, पत्रा आणि भिंत यांच्यामध्ये, वर्षानुवर्षांची काजळी साठलेली होती. सगळे डंपर, सगळ्या बसेस तिथं होत्या. बोट घातलं की मखमलीत गेल्यासारखं वाटायचं. मी चिमूट चिमूट काढली, कठड्यावर पसरली, हात धुतले आणि पांघरुणात येऊन झोपले.

सहा वाजता आईचा आवाज आला. ओरडली नाही ती. एवढंच म्हणाली, "अहो."

हातमोज्याची चारही बोटं काळी होती.

"आता हे कुठून आलं?" बाबा म्हणाले. "रस्त्यावर तर कुत्रंसुद्धा नाही."

"कुठून का येईना. आलंय ना? बंद करा दार."

"काल तर ती इतकी छान..."

"काल काल होता. मला तिचा जीव हवाय, सूर नको."

मयू आतल्या खोलीत जाऊन बसली. मी गॅलरीत बाबांच्या समोर उभी राहिले आणि एकवीस सेकंद वाजवलं. खालून इंगवले हवालदारांनी विचारलं, "धाकटी कुठाय आज?"

चार दिवस मी हे केलं. चार दिवस हातमोजा काळा आला. तिसऱ्या दिवशी मयूने मला विचारलं, "ताई, तुला धूर दिसतो का गं कुठं? मी खिडकीच्या काचेतून बघते, मला तर काहीच दिसत नाही."

"रात्री येत असेल," मी म्हणाले. "कारखान्यांचा."

"कारखाने बंद आहेत ना?"

"एखादा असेल चालू. तुला काय कळतंय? गप्प बस."

जरा वेळाने ती म्हणाली, "मला श्वास चांगला येतोय पण. अगदी आतपर्यंत."

"वाटतं तसं," मी म्हणाले.

पाचव्या दिवशी पहाटे मी माझं काम उरकून झोपायला आले. डोळा लागत होता तेवढ्यात कडी वाजली. मला वाटलं, आई. मग कुणीतरी जोरात फुंकर मारल्याचा आवाज आला. फूऽऽ. पुन्हा फूऽऽ. आणि मग तो खोकला आला, जो मी एक महिना ऐकला नव्हता.

मी धावले. मयू कठड्यापाशी गुडघ्यांवर बसली होती. फ्रॉकचं टोक हातात, ते काळंकुट्ट. तोंड काळं, नाकाखाली काळं. आई उठायच्या आत कठडा साफ करायचा, म्हणजे हातमोजा पांढरा येईल, म्हणजे बाहेर येऊ देतील, असा तिने हिशेब केला होता. आणि पुसून निघेना म्हणून फुंकून उडवत होती. बाबांनी शिकवलं होतं तसं. पोटातून.

"पुसलं..." ती म्हणाली. "ताई... आता पांढरा..."

पुढचं तिला बोलता येईना. गळ्याखालची खळगी आत ओढली जात होती. आईने पंप मारला, दोन, चार, सहा. काही होईना. बाबांनी तिला उचललं आणि तसेच जिना उतरले, आई अनवाणी त्यांच्यामागे. गॅलरीतून मी बघितलं, इंगवले हवालदारांनी नाक्यावरचा पत्रा लाथेने बाजूला सारला, मोटरसायकलला किक मारली.

"बसा मास्तर! मधी घ्या पोरीला! धरून बसा!"

मोटरसायकल गेली. आई रिकाम्या रस्त्यावरून तिच्यामागे चालत सुटली. पूर्ण चौकात दुसरा आवाज नव्हता.

मी फडकं ओलं करून आणलं आणि कठडा पुसला. तीनदा पुसला. मग फडकं धुतलं, मग मोरी धुतली, मग हात धुतले, मग परत कठडा पुसला.

दुपारी ते परत आले. मयू बाबांच्या खांद्यावर झोपली होती. ऑक्सिजन लावला होता म्हणे, दोनदा वाफ दिली होती. तिला गादीवर ठेवलं आणि आईला जो राग आला, तो तिच्यावरच आला.

"सांगितलं होतं ना बाहेर जाऊ नकोस? सांगितलं होतं का नाही? हवा स्वच्छ झाली म्हणे! टीव्हीवाल्यांचं काय जातंय बोलायला? आपल्या कठड्यावर काळं येतंय ते कुणी बघितलंय?"

"माझं चुकलं," मयू झोपेतच म्हणाली.

बाबा भिंतीला टेकून बसले होते. "राहू दे," ते म्हणाले. "तिच्यासाठी नाही ते फुंकणं. महिनाभर उगाच हुरळलो मी."

सांगायचं होतं तर तेव्हाच सांगायला हवं होतं. मी तोंड उघडलं होतं. खरंच उघडलं होतं. पण बाबांनी त्याच वेळी माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "ऐशू, पाणी दे गं जरा." मी पाणी आणायला गेले.

अक्षय तृतीयेला त्यांनी पाटावर वाद्य ठेवलं, हळदीकुंकू वाहिलं आणि ते माझ्या हातात दिलं. मी एकतीस सेकंद सूर धरला. माझा तोपर्यंतचा सगळ्यात लांब. सेकंद मयूने मोजले, दाराच्या आत बसून, बाबांचं घड्याळ हातात धरून. टाळ्याही तिनेच आधी वाजवल्या.

जूनमध्ये डंपर आले, मग बसेस आल्या, मग सगळंच आलं. हातमोजा रोज काळा यायला लागला आणि त्यासाठी मला काहीही करावं लागत नव्हतं. मयूने पुन्हा कधी क्लॅरोनेट मागितलं नाही.

आता मी दहावीत आहे. या वर्षी गणपतीत मी पहिल्यांदा लाल कोट घालून मिरवणुकीत वाजवलं, बाबांच्या शेजारी, पहिल्या रांगेत. लोकांनी इतके व्हिडिओ काढले की आमच्या वर्गातल्या मुलींनी मला माझेच दाखवले! "लोंढे मास्तरांची पोरगी" म्हणून आता चौकात मला चहावालासुद्धा ओळखतो. आधी चार माणसांत माझा आवाज फुटत नव्हता, आता शाळेत सूत्रसंचालन करते. सगळं छान चाललेलं होतं. गेल्या रविवारी दुपारी मयू एक मोठा कार्डशीट घेऊन माझ्यासमोर बसली नसती, तर अजूनही छानच चाललं असतं.

मयू आता चौदाची. शाळेत विज्ञान प्रदर्शन होतं आणि तिच्या गटाने विषय घेतला होता, लॉकडाऊनमधली शहराची हवा. सरांनी त्यांना आकडे शोधायला लावले होते. तिने रंगीत पट्ट्यांचा तक्ता काढला होता. मार्चच्या पट्ट्या उंच, एप्रिलच्या एकदम बुटक्या.

"ताई, एक अडचण आहे," ती पेन चावत म्हणाली. "सरांनी सांगितलंय, घरच्यांच्या आठवणीतली नोंदही लिहा. मी आपला हातमोजा घेतलाय. सगळे म्हणाले, भारी आयडिया आहे. पण हे बघ ना." तिने एप्रिलच्या बुटक्या पट्ट्यांवर बोट ठेवलं. "आकडे सांगतात, हवा स्वच्छ. आणि आपला कठडा एकोणीस ते तेवीस काळा. नेमके पाचच दिवस. मला तारखा पाठ आहेत. हे बसतच नाहीये."

"मग नको लिहूस."

"असं कसं? खरं आहे ते. मी मग इथे लिहिलंय बघ." कोपऱ्यात तिच्या सुंदर अक्षरात एक चौकट होती. 'अपवाद : आमचे घर. कारण अज्ञात.'

मी ती चौकट वाचली. परत वाचली.

"तुला पाठ का आहेत तारखा?" मी विचारलं.

"का म्हणजे? तेव्हाच मला कळलं ना, की मला जे वाटतं ते खरं नसतं." ती मोजपट्टी सरळ करत होती, माझ्याकडे बघत नव्हती. "मला वाटत होतं, मी चांगला श्वास घेतेय. अगदी आतपर्यंत. आणि हवा तर घाण होती. म्हणजे माझा अंदाजच चुकीचा. तेव्हापासून मी ठरवलं, आपल्याला बरं वाटतंय असं वाटलं ना, की सावध व्हायचं. जिना चढतानासुद्धा. खेळात नाव देतानासुद्धा."

"मयू."

"काय?"

"काजळी मी लावायचे."

तिने पट्टी खाली ठेवली.

"पाटीच्या मागून काढायचे. पहाटे. तुला बाहेर येऊ देऊ नये म्हणून. तू सत्तावीस सेकंद केलेस ना, म्हणून."

खाली सिग्नल सुटला. सगळ्यांनी एकदम हॉर्न वाजवले. मयू माझ्याकडे बघत राहिली. मला वाटलं, रडेल. मला वाटलं, मारेल. मारलं असतं तर बरं झालं असतं.

"म्हणजे हवा चांगली होती," ती म्हणाली.

"हो."

"म्हणजे मला श्वास खरंच येत होता."

"हो."

तिने पेन उचललं आणि ती चौकट काट मारून खोडली. इतक्या जोरात की कार्डशीट फाटला. "पाच वर्षं, ताई," ती म्हणाली. "नालायक आहेस तू. आईला माहितीये?"

"नाही."

"बाबांना?"

"नाही."

"सांग."

"संध्याकाळी बाबा आले की..."

"आत्ता. आई आहे आत." ती उठली. पण स्वयंपाकघराकडे गेली नाही. खुंटीवरची माझी पेटी तिने काढली, उघडली आणि क्लॅरोनेट जोडायला लागली. एकही भाग चुकला नाही. ओठांना लावलं. डोळे मिटले.

सहा सेकंद. जेमतेम सहा. मग खोकला आला आणि ती भिंतीला टेकली. पण ते सहा सेकंद! मी पाच वर्षं रोज रियाज करतेय, लाल कोट घालून मिरवणुकीत वाजवलंय. तसा सूर माझ्याकडून एकदाही निघालेला नाही. आणि खरं तेच सांगायचं तर, मला ते मुळीच आवडलं नाही, अकराव्या वर्षी आवडलं नव्हतं तसंच. तेवढंच.

आतून आईचा आवाज आला. लाटणं थांबलं होतं.

"ऐशू! अगं, आज काय गोड लागला गं तुझा सूर! इतके दिवस कुठं लपवून ठेवला होतास?"

मयू क्लॅरोनेट छातीशी धरून, श्वास सावरत, नुसती माझ्याकडे बघत होती.

आई मला असं आजपर्यंत कधी म्हणाली नव्हती.

मी स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभी राहिले.

"मी नव्हते, आई," मी म्हणाले. "मयू होती. तू जरा गॅस बंद कर. मला तुला काहीतरी सांगायचंय."